विंचू डसतो पायाला, मग हृदय का कोलमडतं? उत्तर आपल्या नसांमधल्या विजेत आहे

करमाळा तालुक्यातलं जेऊर. पुणे-सोलापूर रेल्वे लाईनवरचं स्टेशन आणि 'सैराट'वाल्या नागराज मंजुळेंचं गाव. उजनीचं पाणी आलं तशी या भागात ऊस आणि केळी वाढली. पण पाण्यापासून जरा लांब गेलं की माळ, दगडगोटे आणि ज्वारीची कोरडवाहू रानं लागतात. शेतीपंपाची लाईट रात्रीची असेल तर शेतकरी हातात बॅटरी घेऊन अंधारातच दारं धरायला जातो. बांधावरचा दगड उचलताना, उसाच्या पाचटात पाय टाकताना एका जिवाची धास्ती कायम असते. तो म्हणजे विंचू.

आता गंमत बघा. विंचवाच्या एका डंखातून अंगात जाणारं विष मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं. म्हणजे मिठाच्या चिमटीपेक्षाही कितीतरी कमी. डंख बसतो पायाच्या बोटाला. तरीही लाल विंचू असेल तर काही तासांत धडधाकट माणसाला दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, हृदय दमतं आणि फुफ्फुसात पाणी भरू लागतं. लहान मूल असेल तर जिवावर बेततं.

एवढंसं विष पायाच्या बोटापासून हृदयापर्यंत एवढा गोंधळ कसा घालतं?

कारण ते शरीरातल्या एका फार नाजूक यंत्रणेवर बोट ठेवतं. ती यंत्रणा म्हणजे नसांमधली वीज. विंचू कळायचा असेल तर आधी ही वीज कळायला हवी.

नसेत वीज येते कुठून?

आधी एक घोळ मिटवून घेऊ. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि संदेश नेणाऱ्या तंतूलाही नसच म्हणतो. इथे विषय दुसऱ्या नसेचा आहे. शाळेच्या पुस्तकात तिला चेतातंतू म्हणतात आणि ती ज्या पेशींची बनलेली असते त्यांना चेतापेशी. चेतापेशीला एक लांबलचक शेपूट असतं, त्याला ॲक्सॉन म्हणतात. कमरेजवळून निघून थेट पायाच्या पंजापर्यंत जाणारं शेपूट एकाच पेशीचं असतं. उंच माणसात ते एक मीटरपर्यंत भरतं.

घरातल्या वायरमधून इलेक्ट्रॉन वाहतात. नसेत तसं काही नसतं. नसेतली वीज तयार होते मिठासारख्या क्षारांतून. आपल्या अंगातल्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियम विरघळलेले असतात आणि त्यांच्या प्रत्येक कणावर धन विद्युतभार असतो. अशा भारित कणांना आयन म्हणतात.

चेतापेशीच्या बाहेर सोडियम भरपूर असतं, आत कमी. पोटॅशियमचं बरोबर उलट, आत भरपूर आणि बाहेर कमी. ही वाटणी आपोआप टिकत नाही. पेशीच्या पातळ पडद्यात बारीक बारीक पंप बसवलेले असतात. असा एक पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी हा पंप १९५७ मध्ये दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तोच खातो. त्यातला मोठा वाटा या पंपांवर खर्च होतो.

एवढा खर्च कशासाठी? उजनी धरण डोळ्यांसमोर आणा. भिंतीमागे पाणी उंच साठवलेलं आहे. दरवाजा उघडला की पाणी स्वतःच्या जोरावर सुटतं, ढकलावं लागत नाही. चेतापेशीनेही तसंच सोडियम पडद्याबाहेर अडवून ठेवलेलं असतं. त्यात काही पोटॅशियम सतत बाहेर झिरपत असतं, त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋण राहते. हा फरक साधारण ७० मिलीव्होल्टचा असतो.

टीव्हीच्या रिमोटमधला सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे याच्या वीसपट. ७० मिलीव्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण ज्या पडद्याच्या दोन बाजूंना हा फरक आहे तो पडदा एका मिलिमीटरच्या जवळपास दोन लाखाव्या भागाएवढा जाड आहे. एवढ्याशा अंतरात एवढा ताण म्हणजे आत बाहेर करायला टपलेल्या आयनांसाठी ती भलतीच मोठी ओढ असते.

सगळा खेळ दारं धरण्याचा

शेताला पाणी देताना दारं धरणारा माणूस काय करतो? एका वाफ्याचं दार उघडतो, वाफा भरला की लगेच मातीने बुजवतो आणि पुढचं उघडतो. उघडणं सोपं असतं. खरी नजर ठेवावी लागते बुजवण्यावर. एक डुलकी लागली तर वाफा फुटतो आणि बांधही वाहून जातो.

चेतापेशीच्या पडद्यातही अशी दारं असतात. शास्त्रज्ञ त्यांना आयन चॅनेल म्हणतात. सोडियमचं दार वेगळं, पोटॅशियमचं वेगळं. ही दारं विजेच्या फरकावर उघडतात.

काटा टोचला, चटका बसला की त्या जागी पेशीतला फरक थोडा कमी होतो. उणे ७० वरून तो उणे ५५ च्या आसपास आला की सोडियमची दारं धडाधड उघडतात. बाहेर अडवलेलं सोडियम आत घुसतं आणि आतली बाजू क्षणात ऋणाची धन होते, अगदी अधिक ३० ते ४० मिलीव्होल्टपर्यंत.

आणि मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडते. साधारण एक हजारांश सेकंदात सोडियमचं दार स्वतःच बंद होतं. दाराच्या आतल्या बाजूला प्रथिनाचाच एक बोळा असतो, तो येऊन वाट बुजवतो. तोवर पोटॅशियमची दारं उघडलेली असतात. पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा उणे ७० वर येते. हा सगळा चढउतार एक-दोन हजारांश सेकंदात संपतो. यालाच म्हणतात नसेतला विद्युत संदेश.

यात अर्धामुर्धा काही नसतं. उणे ५५ ची वेस ओलांडली तर पूर्ण संदेश जातो, नाही ओलांडली तर काहीच जात नाही. मग मुंगी चावली आणि विंचू चावला यातला फरक मेंदूला कळतो कसा? एक म्हणजे किती नसांमधून संदेश आले यावरून आणि दुसरं म्हणजे एका सेकंदात किती संदेश आले यावरून. संदेशाची उंची तीच असते, मारा वाढतो.

वंदे भारत वेगवान की आपली नस?

एका जागी झालेला हा स्फोट पायापासून वर कसा जातो? दिवाळीतली फटाक्यांची माळ आठवा. पहिला फटाका वाजला की तो शेजारच्याला पेटवतो आणि वाजलेला फटाका पुन्हा वाजत नाही, म्हणून माळ पुढेच जाते. नसेतही एका जागी घुसलेलं सोडियम शेजारची दारं उघडायला लावतं. मागची दारं नुकतीच बुजलेली असतात आणि काही क्षण उघडूच शकत नाहीत. म्हणून संदेश मागे फिरत नाही. फरक एवढाच की ही माळ लगेच पुन्हा वाजायला तयार होते.

घाईच्या निरोपांसाठी शरीराने आणखी एक सोय केली आहे. काही तंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण गुंडाळलेलं असतं आणि मध्ये मध्ये छोट्या मोकळ्या जागा सोडलेल्या असतात. संदेश या एका मोकळ्या जागेवरून थेट पुढच्या जागेवर उडी मारतो. जलद गाडीने मधली स्टेशनं सोडावीत तसं.

अशा वेष्टण असलेल्या जाड तंतूंत संदेशाचा वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर आणि काहींत त्याहूनही जास्त असतो. म्हणजे ताशी जवळपास २०० किलोमीटर. जेऊरवरून जाणाऱ्या मुंबई-सोलापूर वंदे भारतची गाडी म्हणून कमाल गती ताशी १६० किलोमीटर धरली जाते. नस तिच्याही पुढे.

पण वेदनेचे तंतू बारीक असतात आणि तेही दोन प्रकारचे. एका प्रकारावर पातळ वेष्टण असतं, त्यातून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटरने जातो. दुसऱ्यावर वेष्टणच नसतं, तिथे वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. म्हणूनच पायाला काही लागलं की आधी टचकन कळ येते आणि एक-दोन सेकंदांनी आग आग व्हायला लागते. जखम एकच असते, निरोप दोन गाड्यांनी येतो.

तंतू संपतो तिथे वीज थेट पुढच्या पेशीत उडी मारत नाही. मध्ये अतिशय बारीक फट असते. विजेचा संदेश टोकाला पोचला की तिथून रसायन सुटतं, ते फट ओलांडून पुढच्या पेशीवर बसतं आणि तिला कामाला लावतं. हा टप्पा ध्यानात ठेवा. पुढे विंचवावरचं औषध नेमकं इथेच सापडणार आहे.

हे कळलं कसं?

माणसाची नस इतकी बारीक की तिच्यात तार घालून वीज मोजणं अशक्य होतं. उपयोगी पडला समुद्रातला माकूळ, ज्याला हॉटेलात स्क्विड म्हणतात. त्याच्या अंगात जवळपास एक मिलिमीटर जाडीचा ॲक्सॉन असतो. केंब्रिजच्या ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्यात तार घालून वीज मोजली आणि सोडियम-पोटॅशियमचा हा खेळ १९५२ मध्ये गणितासकट मांडला. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी एकेका दारातून जाणारा प्रवाह मोजायची पद्धत शोधली, त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं.

माणसाला हे कळायला विसावं शतक उजाडलं. विंचवाचं विष मात्र कोट्यवधी वर्षांपासून याच दारावर काम करतंय.

विंचू नेमकं काय करतो?

लाल विंचवाच्या विषात अनेक छोटी प्रथिनं असतात. त्यातली महत्त्वाची प्रथिनं सोडियमच्या दाराला बाहेरून जाऊन चिकटतात. ती दार फोडत नाहीत, कायमचं बंदही करत नाहीत. ती दाराला वेळेवर बुजू देत नाहीत, एवढंच करतात.

पण तेवढंच पुरतं. एक हजारांश सेकंदात बंद व्हायचं दार उघडं राहिलं की सोडियम आत येतच राहतं. नस शांत होऊ शकत नाही. जिथे एक संदेश जायचा तिथे संदेशांची रांग लागते. विषातली दुसरी काही प्रथिनं पोटॅशियमची दारं अडवतात, म्हणजे पेशीला मूळ पदावर आणणारी वाटही रोखली जाते. दारं धरणाऱ्याला डुलकी लागली आणि पाणी फुटलं, तशी ही अवस्था.

पायाच्या बोटाजवळच्या नसांमध्ये हे घडतं तेव्हा असह्य वेदना होतात. पण विष रक्तात मिसळून पसरलं की ते आपल्या ताब्यात नसलेल्या नसांनाही छेडतं. हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी यांना चालवणाऱ्या या नसा आहेत. त्या सैरभैर झाल्या की शरीरात ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं पुराच्या पाण्यासारखी सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि रक्तातलं पाणी फुफ्फुसात उतरतं. विंचू डसतो पायाला आणि माणूस दगावतो हृदयामुळे, तो असा.

मुलांना धोका जास्त का? मोठ्याला डसला काय आणि लहानाला डसला काय, विंचू सोडणार तेवढंच विष. अंग लहान असलं की तेच विष जड जातं.

महाडच्या डॉक्टरांनी खाटेशेजारी बसून काय पाहिलं?

हा शेवटचा धागा महाराष्ट्रात, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सापडला. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला एमबीबीएस झाले आणि १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचूदंशाचे रुग्ण, त्यात लहान मुलं, डोळ्यांदेखत दगावत होती. नेमका उपचार काय करायचा, हे ठरलेलं नव्हतं.

बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. त्यांना एक नमुना दिसला. ज्यांची तब्येत पुढे बिघडते त्यांना आधी उलट्या होतात, भरपूर घाम येतो, लाळ गळते, हातपाय गार पडतात आणि मुलग्यांमध्ये व पुरुषांमध्ये लिंग ताठर होतं. ही धोक्याची पूर्वसूचना होती. त्यांचं हे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

पुढचा प्रश्न उपचाराचा होता. नसांच्या दारांना चिकटलेलं विष काढता येत नाही. पण मघाशी बघितलेला शेवटचा टप्पा आठवा. नसेचं टोक, सुटलेलं रसायन आणि ते जिथे जाऊन बसतं ती जागा. ती जागाच अडवली तर? प्राझोसिन नावाचं रक्तदाबावरचं एक स्वस्त औषध नेमकं हेच करतं. रक्तवाहिनीच्या भिंतीवर नॉरॲड्रेनलिन ज्या जागेवर बसतं तिथे ते आधीच जाऊन बसतं. नसा कितीही ओरडल्या तरी रक्तवाहिनीला ते ऐकू जात नाही. ती सैल पडते आणि हृदयावरचा भार उतरतो.

हे काम १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आलं. बावस्करांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण आधी ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते प्राझोसिननंतर १ टक्क्याच्या आसपास आलं. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवरचा अभ्यास 'बीएमजे'मध्ये मांडला. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरची लस दिली तर रुग्ण लवकर सावरतात, असं त्यात दिसलं. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मग मांत्रिकाने विंचू उतरतो तो कसा?

गावोगाव 'विंचू उतरवणारा' असतोच आणि त्याच्याकडे जाऊन बरं वाटल्याचे किस्सेही असतात. त्यामागचं कारण साधं आहे. बहुतेक डंखांमध्ये विष जागेवरच राहतं, वेदना जबर होतात आणि काही तासांत आपोआप ओसरतात. काळा मोठा विंचू दिसायला भीतीदायक असला तरी लाल विंचवाइतका घातक नसतो. म्हणजे मंत्र मारला काय, न मारला काय, यातले बरेचजण बरे होणारच असतात. श्रेय मात्र मंत्राला जातं.

अडचण येते ती उरलेल्या रुग्णांची. त्यांच्या अंगात रसायनांचा पूर सुरू झालेला असतो आणि तिकडे अंगाऱ्यात तास-दोन तास जातात. प्राझोसिन जितकं लवकर मिळेल तितकं बरं, म्हणून हाच वेळ सगळ्यात महागात पडतो.

विंचू चावला तर काय करायचं?

- डंखाची वेळ लक्षात ठेवा. रुग्णाला धीर द्या, पळापळ करू देऊ नका.
- दोरी घट्ट बांधू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने विष ओढू नका.
- थेट जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.
- लहान मूल असेल तर दुखणं कमी वाटलं तरी थांबू नका.
- उलटी, खूप घाम, गार पडलेले हातपाय, लाळ, धाप यातलं काहीही दिसलं तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- प्राझोसिन घरच्या घरी देऊ नका. त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.
- रात्री रानात जाताना बूट घाला आणि ते घालण्याआधी झटकून घ्या. दगड, विटा, गोवऱ्या, सरपण अंधारात थेट हाताने उचलू नका.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर अनेकदा डंखाच्या जागी लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. दात काढताना हिरडी बधिर करतात ते हेच औषध. ते काम कुठे करतं? त्याच सोडियमच्या दारावर. विष दार उघडं ठेवतं, लिग्नोकेन ते उघडू देत नाही. संदेश निघतच नाही आणि कळ थांबते.

आणि एक शेवटची गोष्ट. याच भारतीय लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये इबेरिओटॉक्सिन नावाचं प्रथिन वेगळं काढलं गेलं. ते पोटॅशियमचं एका विशिष्ट प्रकारचं दार तेवढं अडवतं, बाकीच्यांना हात लावत नाही. त्यामुळे नसा, हृदय आणि स्नायू यांच्यात ते दार काय काम करतं हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा आज ते वापरतात. आपल्याकडे दगडाखाली सापडणाऱ्या विंचवाचं विष तिथे छोट्या कुपीत, मोजून मापून, औषधांच्या संशोधनाला लागलेलं आहे.